सागरतळाचे वय आणि वजन

दरवर्षी ५ नोव्हेंबर हा दिवस जागतिक त्सुनामी जागृती दिन म्हणून पाळला जातो. त्या निमित्ताने कोकण किनाऱ्यावरील एका तालुक्याच्या गावी भरलेल्या प्रशिक्षण वर्गास प्रस्तुत लेखक माहिती अधिकारी या नात्याने उपस्थित होता. व्याख्यात्यांनी मोठा नकाशा लावून विषय समजावून दिला. "समुद्राच्या तळाची जमीन थंड होत होत जड होते, पृथ्वीच्या पोटात खाली जाते आणि त्या ओढाताणीतून मोठे भूकंप व त्सुनामी उद्भवतात," असे त्यांनी सांगितले. तेव्हा मागच्या रांगेतून एक वयोवृद्ध पंचायत सदस्य उठले व म्हणाले, "साहेब, दगड तो दगड. काल होता तेवढाच आज. मग तो जड होतो कसा?" वर्गाची वेळ संपत आली होती. प्रश्न तसाच राहून गेला.

प्रश्न मोठा नेमका होता. प्रस्तुत लेखक कला शाखेचा पदवीधर. त्यालाही हाच प्रश्न पडला होता, पण विचारण्याचे धाडस त्या सदस्यांनी केले. पुढे वाचन करून आणि जाणकारांना विचारून जे उमगले ते येथे मांडले आहे. शाळेत भूगोल शिकविणाऱ्या शिक्षकांना आणि किनाऱ्यावरील गावांची जबाबदारी वाहणाऱ्यांना ते उपयोगी पडावे, ही अपेक्षा आहे.

गाडीची धाव आणि सागरतळ

प्रश्नाचे उत्तर लोहाराच्या पालात सापडते. बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडी धाव चढविताना लोहार ती आधी लालभडक तापवितो. तापलेली धाव प्रसरण पावते आणि चाकावर सहज बसते. वरून पाणी ओतले की ती आकसते व लाकडास घट्ट आवळून धरते. या सर्व क्रियेत लोखंड रतीभरही वाढलेले नसते. तेवढेच लोखंड कमी जागेत मावलेले असते, एवढेच. कमी जागेत तेवढाच ऐवज मावला म्हणजे घनता वाढली, असे शास्त्राच्या भाषेत म्हणतात.

खडकाचेही असेच आहे. तापमान एक अंश सेल्सिअसने उतरले तर खडक आपल्या आकारमानाच्या एक लाखांश हिश्श्याच्या सुमारे तीन पट आकसतो. हा आकडा नगण्य वाटेल. परंतु तापमान शेकडो अंशांनी उतरले आणि खडकाची जाडी शंभर किलोमीटर असली तर हाच नगण्य आकडा पृथ्वीचे रूप बदलून टाकतो. तेव्हा त्या सदस्यांना द्यावयाचे उत्तर असे की, दगड तेवढाच राहतो, परंतु थंडीने आकसून तो दाट होतो. आणि आपल्याखालच्या उष्ण खडकाच्या तुलनेत जड ठरतो.

सागरतळाचा जन्म

पृथ्वीचे बाह्य कवच सलग नसून लहानमोठ्या प्रचंड तुकड्यांचे बनलेले आहे. या तुकड्यांना भूपट्ट म्हणतात. त्यांच्या खाली प्रावरण नावाचा जाड थर आहे. प्रावरण घन खडकाचेच आहे, परंतु सुमारे १३०० अंश सेल्सिअस तापमानामुळे ते लक्षावधी वर्षांच्या काळात मेणासारखे सावकाश वाहू शकते.

महासागरांच्या तळाशी सुमारे ६५ हजार किलोमीटर लांबीची पर्वतरांग पसरलेली आहे. आपल्या अरबी समुद्रातील कार्ल्सबर्ग रांग हा तिचाच एक भाग होय. या रांगेच्या माथ्यावर दोन भूपट्ट एकमेकांपासून दूर सरत असतात. मधल्या फटीतून उष्ण शिलारस वर येतो, गोठतो आणि नवा सागरतळ तयार होतो. हा खडक म्हणजे बेसाल्ट. आपल्या घरातील पाटा-वरवंटा, जाते आणि सह्याद्रीचे काळे कडे ज्या जातीच्या खडकाचे आहेत, त्याच जातीचा हा खडक आहे. सागरतळावरील बेसाल्टी कवच सुमारे सात किलोमीटर जाडीचे असते व त्याखाली प्रावरणाचा थंड होऊन ताठर झालेला भाग असतो. हे दोन्ही मिळून सागरी भूपट्ट बनतो.

नवा तळ तयार झाला की जुना बाजूस ढकलला जातो आणि वर्षाकाठी काही सेंटीमीटर या गतीने रांगेपासून दूर जाऊ लागतो. त्याचे वय मोजण्याची साधनेही मनुष्याने शोधून काढली आहेत. १९६३ साली फ्रेड वाइन व ड्रमंड मॅथ्यूज यांनी सागरतळावरील चुंबकीय पट्ट्यांचा अर्थ लावला. १९६८ पासून 'ग्लोमार चॅलेंजर' या जहाजाने सागरतळास छिद्रे पाडून नमुने वर आणले. दोन्ही पुराव्यांचा निष्कर्ष एकच निघाला, तो असा की रांगेपासून जितके दूर जावे तितका तळ जुना.

वय वाढते तशी खोली वाढते

रांगेपासून दूर सरणाऱ्या तळावर दोनचार अंश तापमानाचे खोल समुद्राचे पाणी सतत असते. भूपट्टाची उष्णता वरच्या बाजूने निघून जाते. आधी वरचा पदर थंड होतो, मग त्याखालचा, मग त्याच्याही खालचा. थंड झालेला प्रत्येक पदर खालच्या उष्णतेवर पांघरूण होऊन बसतो व पुढील उष्णतेची वाट लांबते. म्हणून थंड होण्याची क्रिया प्रारंभी जलद आणि पुढे मंद होत जाते. थंड झालेला भाग आकसतो, भूपट्ट जाड व दाट होतो आणि सागरतळ खाली बसतो.

१९७७ साली बॅरी पार्सन्स व जॉन स्क्लेटर यांनी या खाली बसण्याचा हिशेब मांडला. तो माध्यमिक शाळेच्या फळ्यावर करून दाखविता येण्याइतका सोपा आहे. सागरतळाचे वय दशलक्ष वर्षांत घ्यावे, त्याचे वर्गमूळ काढावे, त्यास ३५० ने गुणावे आणि त्यात २५०० मिळवावेत. येणारे उत्तर म्हणजे त्या तळाची मीटरमधील खोली. वय १० लक्ष वर्षे असेल तर खोली २८५० मीटर येते. वय १ कोटी ६० लक्ष असेल तर ३९०० मीटर, आणि ६ कोटी ४० लक्ष असेल तर ५३०० मीटर. वय चौपट झाले की तळ माथ्यापासून दुप्पट खाली जातो. सुमारे सात कोटी वर्षांपलीकडे हा हिशेब तंतोतंत लागू पडत नाही. तेथे तळ अधिक सावकाश खचतो.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. हे खाली बसणे म्हणजे बुडणे नव्हे. माल भरलेली होडी पाण्यात अधिक खोल बसते, तरीही ती तरंगतच असते. सागरी भूपट्टाची स्थिती आयुष्याच्या पूर्वार्धात अशीच असते.

तरंगण्याचा हिशेब कोठे उलटतो?

हिवाळ्यात तुपाची बरणी पाहिली तर गोठलेले तुपाचे रवे तळाशी बसलेले आणि पातळ तूप वर राहिलेले दिसते. पाण्यावर बर्फ तरंगतो हा निसर्गातील अपवाद. बहुतेक पदार्थ तुपासारखे वागतात, थंड झाले की खाली जातात. मग सागरी भूपट्ट जन्मतःच खाली का जात नाही? कारण त्याच्या पाठीवर हलक्या बेसाल्टचे ओझे असते. ओझे हलके आहे, म्हणूनच ते बुडू देत नाही.

आकड्यांत पाहू. उष्ण प्रावरणाची घनता दर घन सेंटीमीटरला सुमारे ३.३ ग्रॅम असते. भूपट्टाचा थंड झालेला भाग सरासरीने ६५० अंश अधिक थंड असतो, त्यामुळे तो सुमारे दोन टक्के दाट होऊन ३.३६ च्या आसपास जातो. वरील बेसाल्टी कवचाची घनता मात्र २.९ च्या जवळपास असते. भूपट्ट एकूण ३० किलोमीटर जाड असेल तर त्यातील सात किलोमीटर हलक्या कवचाचा वाटा मोठा ठरतो आणि सरासरी घनता ३.२६ येते, म्हणजे प्रावरणाहून कमी. तोच भूपट्ट १०० किलोमीटर जाड झाला की कवच तेवढेच राहते, थंड व दाट भाग मात्र ९३ किलोमीटर होतो आणि सरासरी ३.३३ वर जाते. आता तो आपल्या आधाराहून जड झाला. हा पालट ढोबळमानाने ५० किलोमीटर जाडीच्या सुमारास, म्हणजे दोनतीन कोटी वर्षांच्या वयात घडतो. प्रत्येक ठिकाणची परिस्थिती निराळी असल्याने हा आकडा थोडा मागेपुढे होतो.

खंडांची गोष्ट वेगळी आहे. खंडांचे कवच सुमारे ३५ ते ४० किलोमीटर जाडीचे आणि अधिक हलक्या खडकाचे असते. ते कितीही थंड झाले तरी सहजासहजी बुडत नाही. म्हणून खंडांवर चारशे कोटी वर्षांचे खडक सापडतात. महासागरात मात्र वीस कोटी वर्षांहून जुना तळ क्वचितच आढळतो, कारण त्याहून जुना जवळजवळ सर्व तळ पृथ्वीच्या पोटात परत गेला आहे.

जड असूनही न बुडणारा तळ

जड झाला की बुडाला, इतके हे सरळ नाही. अटलांटिक महासागराच्या दोन्ही काठांवरील तळ काही ठिकाणी सतरा-अठरा कोटी वर्षांचा आहे. हिशेबाने तो केव्हाच बुडावयास हवा होता. परंतु आफ्रिकेच्या पश्चिम काठाशी किंवा उत्तर अमेरिकेच्या पूर्व काठाशी तो बुडताना दिसत नाही. थंड झालेला भूपट्ट जड असतो तसाच ताठरही असतो. तो खाली जावयाचा तर कोठेतरी वाकला पाहिजे, तुटला पाहिजे. जुन्या भेगेच्या किंवा बाजूच्या भूपट्टाच्या रेट्याच्या रूपाने असे निमित्त मिळेपर्यंत तो आहे तेथे टिकून राहतो.

एकदा का त्याची कड खाली वळली की मग चित्र पालटते. बाजेवर पसरलेली घोंगडी थोडी खाली लोंबली तर काही होत नाही. परंतु लोंबता भाग वाढत गेला की तो उरलेल्या घोंगडीलाही आपल्याबरोबर खेचतो. भूपट्टाचेही तसेच होते. त्यात आणखी एका गोष्टीची भर पडते. सुमारे ५० ते १०० किलोमीटर खोलीवर प्रचंड दाबामुळे हलका बेसाल्ट एक्लोजाइट नावाच्या अतिशय दाट खडकात रूपांतरित होतो. आजवर जे कवच तरणाऱ्या भोपळ्याचे काम करीत होते, तेच आता गळ्यातील धोंडा होते. भूपट्ट अशा रीतीने खाली जाण्याच्या क्रियेस अधोगमन म्हणतात आणि जेथे तो वळतो तेथील खोल खंदकास गर्ता म्हणतात. भूपट्टांना हलविणाऱ्या बलांत ही ओढ सर्वांत प्रमुख असल्याचे डोनाल्ड फोरसिथ व सेइया उयेदा यांनी १९७५ साली दाखवून दिले. खाली गेलेल्या भूपट्टाचा माग भूकंपांवरून लागतो. जपानमध्ये कियो वादाती यांनी १९२० च्या दशकातच अशा खोल भूकंपांची नोंद घेतली होती. आज सुमारे ७०० किलोमीटर खोलीपर्यंतचे भूकंप ज्ञात आहेत.

अंदमानची गर्ता आणि २००४ ची सकाळ

हे सर्व दूरदेशीचे शास्त्र आहे असे समजण्याचे कारण नाही. बंगालच्या उपसागराचा आणि पूर्व हिंदी महासागराचा तळ अंदमान-निकोबार व सुमात्रा बेटांच्या खाली जात आहे. अंदमान समुद्रातील बॅरन बेटाचा ज्वालामुखी ही त्याचीच खूण होय. खाली जाणाऱ्या भूपट्टातून सुटणारे पाणी वरच्या उष्ण खडकास वितळविते व त्यातून असे ज्वालामुखी जन्मास येतात.

खाली जाणारा भूपट्ट दरवर्षी काही सेंटीमीटर सरकू पाहतो, परंतु वरच्या भूपट्टाच्या कडेशी तो अडकून बसतो. तेव्हा वरची कडही त्याच्याबरोबर खाली ओढली जाऊन वाकते. शेकडो वर्षांचा हा ताण एके दिवशी सुटतो, कड उसळून वर येते आणि तिच्यावरील समुद्र उचलला जातो. २६ डिसेंबर २००४ रोजी भारतीय वेळेनुसार सकाळी साडेसहाच्या सुमारास असेच घडले. सुमात्रापासून अंदमानपर्यंत सुमारे १३०० किलोमीटर लांबीची फट सुटली. भूकंपाचे परिमाण ९.१ होते. हिंदी महासागराच्या काठावरील देशांत सव्वादोन लाखांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली वा बेपत्ता झाली. त्यात भारतातील दहा हजारांहून अधिक जीव होते. ग्रेट निकोबार बेटावरील इंदिरा पॉइंटची जमीन चार मीटरहून अधिक खचली आणि तेथील दीपगृह पाण्यात उभे राहिले.

एक नियम आणि त्याची शिकवण

या आपत्तीने शास्त्रालाही एक धडा दिला. १९८० साली लॅरी रफ व हिरू कानामोरी यांनी जगातील गर्तांची तुलना करून एक नियम सुचविला होता. ज्या ठिकाणी तरुण, हलका भूपट्ट वेगाने खाली जातो तेथे दोन भूपट्ट एकमेकांवर घट्ट दाबले जातात व सर्वांत मोठे भूकंप होतात. जुना, जड भूपट्ट मात्र सहज खाली जातो, म्हणून तेथे फार मोठा भूकंप संभवत नाही, असा त्याचा आशय होता. १९६० साली चिलीत झालेला ९.५ परिमाणाचा भूकंप या नियमात चपखल बसत होता. तेथील तळ तुलनेने तरुण आहे.

अंदमानजवळील तळ मात्र जुना असून तेथील गती मंद आहे. नियमाप्रमाणे ही फट निरुपद्रवी मानली गेली असती, तरीही २००४ साली ती सुटली. ११ मार्च २०११ रोजी जपानच्या ईशान्य किनाऱ्यालगत ९ परिमाणाहून मोठा भूकंप झाला. तेथील तळ सुमारे तेरा कोटी वर्षांचा, म्हणजे जगातील अतिजुन्या तळांपैकी आहे. त्या भूकंपात व त्सुनामीत अठरा हजारांहून अधिक माणसे दगावली किंवा बेपत्ता झाली. तळाचे वय सांगितले तर त्याची खोली सांगता येते, घनता सांगता येते. परंतु तेथे कधी व किती मोठा भूकंप होईल हे केवळ वयावरून सांगता येत नाही. जेथे अधोगमन आहे तेथे धोका आहे असे मानूनच तयारी ठेवणे, हेच आज शहाणपणाचे ठरते.

आपला किनारा

कोकण किनाऱ्यालगत गर्ता नाही. अरबी समुद्राचा आपल्या बाजूचा तळ आणि महाराष्ट्राची भूमी एकाच भूपट्टावर आहेत. १९६७ चा कोयनेचा आणि १९९३ चा किल्लारीचा भूकंपही या प्रकारचे नव्हते. परंतु अरबी समुद्राच्या उत्तर टोकास, इराण व पाकिस्तानच्या मकरान किनाऱ्यापाशी, एका सागरी भूपट्टाचे अधोगमन चालू आहे. २८ नोव्हेंबर १९४५ च्या पहाटे तेथे ८.१ परिमाणाचा भूकंप झाला आणि काही तासांनी मुंबईस सुमारे दोन मीटर उंचीच्या लाटा येऊन थडकल्या. त्यात माणसे वाहून गेली. मकरानची फट मंद आहे एवढ्यावरून निश्चिंत राहता येत नाही, हे अंदमानने शिकविलेच आहे.

धोका दूरचा असल्याचा एक लाभ आणि एक तोटाही आहे. मकरानहून निघालेली लाट आपल्याकडे येण्यास काही तास लागतात, हा लाभ. तोटा हा की, एवढ्या दूरच्या भूकंपाचा धक्का येथे जाणवेलच असे नाही. म्हणून जमीन हादरण्याची वाट पाहत बसता येत नाही. अशा वेळी अधिकृत सूचना हाच खरा आधार होय. हैदराबाद येथील भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्रात ऑक्टोबर २००७ पासून त्सुनामी पूर्वसूचना केंद्र कार्यरत आहे व ते भूकंपानंतर काही मिनिटांत सूचना देऊ शकते. ती सूचना जिल्ह्यापासून शेवटच्या पाड्यावरील घरापर्यंत कोणी, कोणत्या साधनाने आणि रात्री वीज नसल्यास कशी पोहोचवावयाची, हे ठरविण्याचे काम मात्र गावाचे आहे. ओडिशातील वेंकटरायपूर व नोलियासाही या दोन गावांना २०२० साली युनेस्कोच्या आंतरशासकीय महासागरविज्ञान आयोगाकडून 'त्सुनामी सज्ज' अशी मान्यता मिळाली. तशी तयारी आपल्याही गावांस अशक्य नाही.

शिक्षणाचे मोल सिमेउलुए बेटाने दाखवून दिले आहे. सुमात्राजवळील हे बेट २००४ च्या भूकंपकेंद्रास अगदी जवळचे. तेथे १९०७ साली त्सुनामी येऊन गेली होती. जमीन जोराने हादरली आणि समुद्र मागे हटला तर डोंगराकडे धावावे, ही शिकवण आज्या नातवंडांना पिढ्यान्‌पिढ्या सांगत आल्या. तेथील भाषेत त्यास 'स्मोंग' म्हणतात. २००४ साली सुमारे ७८ हजार वस्तीच्या त्या बेटावर केवळ सात माणसे दगावली.

ग्रामपंचायतींनी गावातील उंच जागा व तेथे जाण्याच्या वाटा निश्चित करून त्यांच्या पाट्या लावाव्यात. पहिली लाट ओसरली म्हणून परत फिरू नये, पुढची लाट अधिक मोठी असू शकते, हे ग्रामसभेत सांगावे. शिक्षकांनी वर्गात तुपाची बरणी दाखवावी आणि वर्गमुळाचा हिशेब फळ्यावर मांडावा. सागरतळ आपल्या गतीने थंड होत राहील, जड होत राहील आणि खाली जात राहील. ते थांबविणे कोणाच्या हाती नाही. त्याची रीत समजून घेणे आणि वेळीच उंच जागा गाठणे आपल्या हाती आहे. मागच्या रांगेतून प्रश्न विचारणाऱ्या त्या सदस्यांचे गाव अगदी किनाऱ्याला लागून आहे. त्यांच्या प्रश्नाचे हे उत्तर उशिराने का होईना, त्यांच्यापर्यंत पोहोचावे.